राजाचा माठ

पूर्वी वेणुवती नगरात दीर्घबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आला होता. तो माती भरपूर मळी आणि बोले थोडे. त्याची बायको मेखला मात्र काळजी करणारी होती. तान्हे बाळ झोपले तर इतके का झोपले, आणि उठले तर इतक्यात का उठले, दोन्हीचा तिला घोर लागे.

उन्हाळ्याच्या तोंडी राजवाड्यातून एका मोठ्या माठाची मागणी आली. गल्लीतल्या लोकांची भांडीही घडून तयार होती. बोधिसत्त्व सगळी भट्टीत रचायला बसला. बाळाला काखेत धरून मेखला एकेक भांडे पुढे करी आणि विचारी, "हे कोणाचं?"

"सोनाराची घागर."

"आणि हे?"

"समोरच्या आजीचं गाडगं."

"आणि हा एवढा मोठा?"

"राजाचा माठ. जपून गं, अजून कच्चा आहे. नुसता दिसायला छान."

त्याच वेळी कुंपणाबाहेरून कालसेन नावाचा दरवान चालला होता. दरबाराच्या दारात उभे राहून आत काय येते आहे ते मोठ्याने सांगायचे, हे त्याचे काम. कान दुखत होता म्हणून त्याने तेलाचा बोळा घातला होता. त्याला ऐकू आले ते असे: "राजाच माठ. अजून कच्चा आहे. नुसता दिसायला छान."

तो धावतच राजाकडे गेला आणि ऐकलेले सांगून मोकळा झाला. राजा गादीवर नवा होता. लहानपणी गुरुजींनी त्याला हाच शब्द रोज ऐकवला होता, त्यामुळे तो त्याला फार लागला. इकडे भट्टी पेटवून, वरून मातीने लिंपून होते न होते तोच शिपाई आले आणि बोधिसत्त्वाला चिखलाच्या हातांनीच घेऊन गेले.

"मला माठ म्हणालास?" राजाने विचारले.

"नाही महाराज. तुमच्या माठाला माठ म्हणालो."

"मग आत्ता आणून दाखव."

"भट्टी तापलेली आहे, महाराज. आत्ता उघडली तर वारा लागून सगळी भांडी तडकतील. खापऱ्या दाखवून माझी सुटका होईल, पण गल्लीतल्या लोकांनी उन्हाळाभर पाणी कशात ठेवायचं? भट्टी आपली आपण निवू द्या."

"बरं. तोवर तुरुंगात बस. माठ निघाला नाही तर जीभ कापीन."

मेखला बाळाला घेऊन तुरुंगाच्या गजाशी आली. "अहो, तुम्ही काय केलं होतं? कोणाचं वाईट चिंतलं होतं? देवाला छळायला दुसरं घर मिळालं नाही? मी जाते आणि भट्टी उघडते. गल्लीचं गल्ली बघेल."

"अगं, भट्टीतल्या मडक्यालाही हेच वाटत असेल. आपण काय केलं म्हणून जाळतात? त्याला कुठं ठाऊक, बाहेर उन्हाळा आलाय आणि लोक तहानलेत. ते घडवणाऱ्याला ठाऊक असतं. आपल्याला घडवणाऱ्यालाही असेल."

"मडक्याला पोर नसतं," मेखला म्हणाली. "आणि जीभ तर मुळीच नसते."

तरी घरी जाऊन ती भट्टीसमोर बसली. दोनदा काठी घेऊन उठली. लिंपणावर हात ठेवून बघितला, तर ते अजून कढत होते. समोरच्या आजीने विचारले, "झालं का गं माझं गाडगं?" मेखलाने काठी खाली ठेवली. "होईल हो आजी. आमच्या ह्यांनी सांगितलंय, घाई करायची नाही."

भट्टी निवली. मेखलाने लिंपण फोडले. मोठा माठ लालबुंद आणि अखंड निघाला. बाळाला पाठीशी बांधून आणि माठ डोक्यावर घेऊन ती दरबाराच्या दारात आली. राजाने बोधिसत्त्वालाही बोलावून घेतले होते. कालसेनाने छाती फुगवली आणि रिवाजाप्रमाणे जोरात पुकारले, "राजाचा माठ!"

दरबार लांबलचक होता. शब्द सिंहासनापर्यंत पोचेपर्यंत त्याचे शेपूट गळाले. सगळ्या सभेने ऐकले, "राजाच माठ."

कोणी हसेना. एकटे बाळ हसले.

"महाराज, मी चा म्हणालो," कालसेन म्हणाला. "चा."

"तोही चाच म्हणाला असेल मग," राजा म्हणाला. त्याने माठाकडे पाहिले, कुंभाराकडे पाहिले आणि मान खाली घातली. "कुंभारा, तू सुटलास. आता जीभ याची कापतो."

"नको, महाराज. मागे याच्या कानाने एक काना गिळला, आज तुमच्या दरबाराने गिळला. काना सांडला म्हणून कोणी जीभ कापत नाही."

आता मात्र राजाला हसू आवरेना. "काय हवं ते माग," तो म्हणाला. मेखलाने नवऱ्याला कोपराने ढोसले. घराचे छप्पर गळत होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तुरुंगात प्यायला उन्हात तापलेलं पाणी देतात. तिथं माझे माठ ठेवायची परवानगी द्या. आत गेलो नसतो तर मला हे कळलं नसतं."

राजाने ते मान्य केले, आणि छप्परही शाकारून दिले, कारण मेखलाचे ढोसणे त्याने पाहिले होते.

वाटेत ती म्हणाली, "कैद्यांना गार पाणी पाजायचं होतं, तर देवाने सरळ निरोप धाडायचा होता."

"धाडला होता की. कालसेनाच्या कानातून यायला वेळ लागला."

त्या वेळचा दीर्घबाहू राजा म्हणजे आताचा भिक्षू आनंद. मेखला ती राहुलमाता आणि काखेतले बाळ तो राहुल. कालसेन दरवान म्हणजे भिक्षू लाळुदायी, जो अजूनही मंगलकार्यात मर्तिकाच्या गाथा म्हणतो. आणि भट्टी निवेपर्यंत थांबणारा कुंभार म्हणजे स्वतः तथागत. न केलेल्या चुकीची झळ लागली तरी भट्टी अवेळी न उघडणे, यालाच क्षांती म्हणतात.