दोन ओळींमधला श्वास

एका शाळेत एकदा एक संगीतशिक्षक होते. बैठकीत पेटी वाजवण्यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. पण प्रभातफेरीत चालता चालता पेटी कशी वाजवणार? म्हणून त्यांनी मेलोडिका घेतली. नळीतून तोंडाने फुंकायचे आणि बोटांनी पट्ट्या दाबायच्या, असे ते सुटसुटीत वाद्य.

तालमीत मात्र रोज घात होई. तिसऱ्या कडव्याला शिक्षकांना घेरी येई, मागे गाणाऱ्या मुलांना धाप लागे आणि गाणे कोलमडे. फेरीतही असेच झाले तर यापुढे भोंग्यावर रेकॉर्ड लावू, असे मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगून टाकले. शेवटच्या तालमीला शिक्षकांनी आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावून आणले.

गुरुजींनी एक कडवे ऐकले. मग नळीचे टोक धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी ते चक्क स्वतःच्या तोंडात धरले आणि शिष्याला फक्त बोटे चालवायला सांगितले.

पहिली ओळ संपताच गुरुजींनी नळी तोंडातून काढली व ते स्वस्थ उभे राहिले. शिष्याची बोटे मुक्या पट्ट्यांवर धावतच राहिली. सूर तुटला, असे तो काकुळतीने पुटपुटला. गुरुजींनी सावकाश पुढची ओळ फुंकली, आणि तिच्या शेवटी पुन्हा तेच केले. असे करत अख्खे गाणे पार पडले. घेरी कोणालाच आली नाही, ऐंशी ओलांडलेल्या गुरुजींनाही नाही.

"बाळा, पेटीचा भाता हाताने चालतो, म्हणून तुला थांबायची सवय नाही," गुरुजी म्हणाले. "इथे भाता म्हणजे तुझीच छाती. थांबलो तर लोक म्हणतील विसरला, याची तुला धास्ती. पण मागे वळून पाहिलेस का कधी? तू श्वास घेत नाहीस, म्हणून ही पोरेही घेत नाहीत."

शिष्याने मागे पाहिले. त्याला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी चौकात गर्दी होती आणि मुख्याध्यापक अगदी पुढे उभे होते. पहिली ओळ संपली. शिक्षकांची बोटे शिवशिवत होती. तरी त्यांनी नळी ओठांपासून दूर केली. त्या शांततेत, पाठीमागे साऱ्या मुलांनी एकदम श्वास घेतल्याचे त्यांना ऐकू आले.

दुसरी ओळ मुलांनीच उचलली.