पिवळी रेघ

“मग त्याला मठातून काढणार की नाही, बाबा?”

भैरवबाबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. समोर जगदेव उभा, हातात पाना.

“कुणाला?”

“हरबाला. दुसरं कोण? गाडीचं स्टिअरिंग पुन्हा हलायला लागलंय. मी आवळायचं, त्यानं ढिलं करायचं.”

मठाची गाडी जुनी. डोंगरावरच्या वाड्यांत कुणी आजारी पडलं, की तीच घाट उतरून दवाखाना गाठायची. चालवायचा हरबा, दुरुस्त करायचा जगदेव. मठात येण्याआधी आपण गॅरेजात मिस्त्री होतो, हे जगदेवनं कुणाला विसरू दिलं नव्हतं. असल्या हातचं काम सैल होतं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यानं पक्कं धरलं होतं.

“हरबाला त्यात काय मिळणार?”

“माझं नाक कापलं जाईल ना. लोक म्हणतील, जगदेवला काही येत नाही.”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला.

“पुरावा?”

“स्टिअरिंगचा नट आवळला की मी त्यावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढतो, थेट पत्र्यापर्यंत. नट फिरला की रेघ तुटते. गॅरेजात असंच करतात.”

“मग, तुटली?”

जगदेवनं नजर चुकवली.

“नाही... पण तो लबाड आहे. पुसून नवी ओढत असेल.”

पलीकडे हरबा विहिरीचं पाणी शेंदत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मठाबाहेर त्याचं कुणी नव्हतं, हे जगदेवला ठाऊक होतं. वाईट वाटलं का त्याला? वाटलं, थोडंसं. पण डोक्यात शिरलेला संशय गप्प बसू देतोय होय?

“आज एक तर तो राहील, नाही तर मी,” तो म्हणाला.

बाबा उठून गाडीपाशी आले.

“लक्ष ठेवतोस ना?”

“डोळ्यांत तेल घालून. सकाळी बघतो, संध्याकाळी बघतो. हरबा नुसता गाडीजवळून गेला तरी लगेच बघतो.”

“कसं बघतोस, दाखव.”

जगदेव सीटवर बसला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्यानं जीव खाऊन वर हिसकलं, खाली दाबलं, पुन्हा हिसकलं. आतून कर्र आवाज आला.

“ऐकलंत?”

बाबांनी त्याच्या हातात टॉर्च दिला.

जगदेव वाकून डॅशबोर्डखाली शिरला. नट जागच्या जागी होते. पिवळी रेघ अखंड, त्याच्याच हातची. पण नट ज्या पत्र्यात बसवले होते, तो पत्राच चिरला होता. चीर अर्धी गंजलेली होती. टोक मात्र चकचकीत, आत्ताच फाटलेलं.

त्यानं त्या टोकावर बोट टेकवलं, मग आपल्याच हाताकडे पाहिलं.

“बाबा...”

“बोल.”

“पत्रा वेल्डिंग करून घ्यावा लागेल.”

“घे.”

“आणि... हरबा?”

“हरबा गाडी चालवील. तू त्याच्या शेजारी बस... दोन्ही हात मांडीखाली घालून.”