शेवटचा चार

“चुकलेल्या उत्तराला शून्य नाही द्यायचं, मास्तर, तर काय द्यायचं?”

केरबा मास्तर चुलीपुढं बसले होते. साऱ्या तालुक्याला संगणक शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता भाकऱ्या भाजत होते.

विचारणारा निरंजन त्यांचा लाडका विद्यार्थी. आता स्वतः मास्तर झालेला. तो हुशार आहे हे गावाला ठाऊक होतं, निरंजनला जरा जास्तच ठाऊक होतं.

“काय चुकली पोरगी?”

“एक दशांश अधिक दोन दशांश, एवढीच बेरीज संगणकाकडून करून घ्यायची होती. सुगंधाचं उत्तर आलं तीन दशांश, पुढं शून्यांची रांग, आणि शेवटी एक चार. तो चार तिनं काढून टाकला नाही, म्हणून मी शून्य दिलं.”

“मग?”

“सोमवारपासून वर्गाला येत नाही. घरचे म्हणतात, जमत नसेल तर शिकणं सोड.”

हे सांगताना निरंजनचा आवाज थोडा उतरला.

मास्तरांनी गरम भाकरी त्याच्यापुढं टाकली.

“हिचा दहावा हिस्सा दे मला.”

निरंजन तुकडा मोडायला गेला. मास्तरांनी त्याचा हात धरला.

“असा न्हाई. शून्य आन् एक, दोनच अंक तुझ्या यंत्राजवळ. अपूर्णांक त्याला अर्ध्याच्या अर्ध्यातनंच जुळवावा लागतो. तूबी तसाच जुळव.”

निरंजननं भाकरी अर्धी केली. अर्ध्याची अर्धी केली. आठवा हिस्सा जास्त होत होता, सोळावा कमी. सोळाव्याला त्याचा अर्धा जोडला, तरी कमीच. मग अर्धे, त्यांचे अर्धे… शेवटी चिमटीत नुसता भुगा राहिला.

“हे कधी संपायचं नाही, मास्तर.”

“ठावं हाय तुला?”

“मीच शिकवतो की वर्गात. शेवटचा तो चार यातूनच येतो.”

“आण हिकडं.”

निरंजननं जुळवलेला ढीग त्यांच्या तळहातावर ठेवला.

“पुरता दहावा नाही हा. कणभर कमी आहे.”

मास्तरांनी तो तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावला.

“ग्वाड हाय.”

निरंजनला हसू आलं. या म्हाताऱ्यावर त्याचा फार जीव होता.

“निरू, खरं उत्तर तीन दशांश. त्याच्यापासनं सुगंधा किती लांब?”

“नसल्यासारखीच.”

“आन् तुझं शून्य?”

चुलीतलं लाकूड तडतडलं. निरंजन उठला आणि दारातली चप्पल पायात सरकवू लागला.

“कुठं निघालास?”

“तिच्या घरी.”

मास्तरांनी तव्यावरची दुसरी भाकरी फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

“अर्धी तू खा, अर्धी तिला दे. अर्धं तरी तुला अचूक जमतं.”