गुळाचा खडा आणि गाळातले गुरुजी

“माझं कुणी खरं धरलं नाही,” असं एका गावातली एक पोर भेटेल त्याला सांगायची. शेळ्या राखायची आणि दुपारी शाळेत जायची. तिच्या रागाला कारण होतं. ऐका म्हणजे कळेल.

त्या शाळेत एक गुरुजी होते. ते मुलांना स्वतःवर घडलेली गोष्ट सांगायला शिकवायचे. त्यांचं म्हणणं एकच, “पहिलं वाक्य असं टाका, की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबलं पाहिजे.”

बोलणं वाईट नव्हतं. पण त्यांनी पुढे रीतच पाडली. पोरांनी गावात जायचं, कामात असलेल्या माणसाला आपलं पहिलं वाक्य ऐकवायचं. हात थांबला, की त्या माणसानं गुळाचा खडा द्यायचा.

मग काय विचारता. एक पोरगा कुंभाराला म्हणाला, “काल मला वाघानं धरलं.” चाक थांबलं, गूळ मिळाला. वाघ म्हणजे शेजारचं मांजर, हे गूळ खाऊन झाल्यावर कळलं. दुसऱ्याचं घर जळालं. तिसऱ्याची आजी मेली, आणि आजी आपली दारात बसून शेंगा सोलत होती. लोक हसले. पुढे पुढे मात्र हात थांबेनासे झाले, तशी पोरं आणखी मोठं खोटं आणू लागली.

शेळ्या राखणारीला कधी गूळ मिळाला नाही. तिनं पाटीवर लिहिलं, “आज माझी शेळी कुंपणात अडकली.”

गुरुजी म्हणाले, “किती मिळमिळीत. एक साप घाल त्यात.”

“साप नव्हता, गुरुजी.”

“नसू दे. नुसतं कुंपण कोण ऐकणार?”

“पण शेळी अडकली होती ना.”

“मग बस तिच्याबरोबर कुंपणात,” गुरुजी म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

उन्हाळ्यात तळं आटलं. वरून भेगाळलेली माती, खाली लिबलिबीत गाळ. एक दिवस वाऱ्यानं गुरुजींची छत्री तळ्यात नेली. ती आणायला गुरुजी उतरले आणि बघता बघता कमरेपर्यंत आत गेले.

पलीकडे जिथं थोडं पाणी उरलं होतं, तिथं एक बाई धुणं धूत होती. गुरुजी ओरडले, “बाई, मी गाळात चाललोय.”

बाईनं लुगड्याला पिळा दिला. “झकास सुरुवात आहे, गुरुजी. पोरांना हीच शिकवा.” आणि धुणं डोक्यावर घेऊन चालती झाली.

शेळ्यांमागे आलेल्या पोरीनं हे डोळ्यांनी पाहिलं. माणूस बुडतोय आणि बाई हसून निघून जातेय? ती धावत सुटली ती जवळच्या कुंभाराच्या अंगणात.

“काका, गुरुजी तळ्याच्या गाळात रुतलेत. दोर घेऊन चला.”

चाक फिरतच राहिलं. “शेवटी जमलं म्हणायचं तुला.”

“खरंच रुतलेत, काका. छातीपर्यंत.”

“छातीपर्यंत. वा. आणि पुढे?”

“पुढे काही नाही. मरतील.”

कुंभारानं चाक थांबवलं. पोरीला वाटलं, उठला. त्यानं कोनाड्यातून गुळाचा खडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. “घे बाई. आज खरा कमावलास.”

पोर त्या खड्याकडे बघतच राहिली. एवढे दिवस जो मिळाला नव्हता तो आज हातात होता, आणि तिकडे माणूस मरत होता.

अंगणात बाजारासाठी भाजलेली मडकी रचून ठेवली होती. पोरीनं आता तोंडातून शब्द काढला नाही. गूळ टाकला, खुंटीवरचा दोर ओढला, मडक्यांच्या राशीला लाथ घातली आणि पळाली.

आता मात्र कुंभार उठला. हात मातीचे, हातात काठी, तोंडात शिव्या. “थांब, भवाने.” ती थांबली ती तळ्याच्या काठावरच.

कुंभारानं काठी उगारली, आणि ती वरच राहिली. गाळाबाहेर गुरुजींचं नुसतं डोकं होतं आणि एक हात. तोंड उघडं होतं, पण आवाज केव्हाच संपला होता.

“अरे देवा,” कुंभार पुटपुटला, “मी हिला गूळ दिला.”

दोघांनी दोर टाकून ओढलं. गुरुजी वाचले. पण ज्या हाताला दोर गुंडाळला होता, तो खडू धरायचा हात खांद्यातून निखळला आणि जन्माचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव शाळेत जमलं. कुंभार म्हणाला, “पोर खरी, पण माझी मडकीही खरी होती. त्यांचा दोष कुणाच्या माथी, ते ठरवा.”

गुरुजी पोरीला म्हणाले, “तुझी गोष्ट तू सांग. पहिल्या वाक्यापासून.”

पोर उभी राहिली. “काकांची मडकी मी फोडली, कारण गुरुजी बुडताहेत म्हटलं तर काकांनी मला गूळ दिला.”

पान लावणाऱ्यांचे हात थांबले. धुणंवाल्या बाईनं पदर तोंडाला लावला. गुरुजींनी मान खाली घातली. “यात साप नाही,” ते म्हणाले. “आता मडक्यांचा दोष कुणाचा, तेही तूच लिही. माझा हात उठत नाही.”

तात्पर्य, आणि हे शिकवणाऱ्यांनी पोरांच्या आधी ऐकावं: पहिल्या वाक्याला माणूस काम टाकून येतो, तो विश्वासावर येतो. खोट्याला गूळ चारलात, तर खऱ्याला मडकी फोडावी लागतात. आणि ती मडकी फोडणाऱ्याचं जे नाव पोरीनं फळ्यावर लिहिलं, ते तिचं नव्हतं. तिनं लिहिलं: सखाहरी गुरुजी.