घुमणीतला ओटा

बेटाच्या पश्चिम टोकाला घुमणी नावाची गुहा आहे. समुद्र कातळाखालच्या भोकातून आत शिरतो आणि असा घुमतो की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आत, भरतीच्या रेषेच्या वर, एकच माणूस निजेल एवढा ओटा खोदलेला आहे. तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईनं मूल बाहेर बेटावरच्या बाईकडे द्यायचं आणि त्या ओट्यावर पडायचं, असा इथला रिवाज.

माझ्या तान्ह्या मुक्तासाठी मी चमचासुद्धा उकळून आणला होता. मूल कसली देते? म्हणून आधी कारण विचारलं. बेटावरच्या चांगुणाआजी गुहेच्या तोंडाशी बसल्या आणि सांगू लागल्या.

पूर्वी चाचे आले की सगळी वस्ती वरच्या गुहांत लपायची. चुली विझवायच्या आणि गप्प बसायचं. एकदा हिरू नावाच्या लेकुरवाळीचं पोर रडायचं थांबेना. जा, असं कोणी म्हणालं नाही म्हणे. नुसती सरकून वाट करून दिली.

ती घुमणीत आली. इथलं रडणं बाहेर जात नव्हतं, पण बसायला कोरडी जागा नव्हती. चाच्यांचं गलबत हलेपर्यंत ती पोराला खांद्यावर घेऊन उभी राहिली. डोळा लागला तर पोर पाण्यात. जागं राहायला आधी ती गायली, मग शिव्या घातल्या, असं सांगतात. पोराला, नवऱ्याला, देवालाही. इथे आजी जरा हसल्या.

ओहोटीला बाया धावत आल्या, तर हिरू पोर सोडेना. कोणावर भरवसा ठेवणार? तेव्हा तिची जाऊ, जी सगळ्यांत आधी सरकली होती, पुढे झाली आणि तिच्या कानाशी म्हणाली,

“तुझं म्हणून नको देऊ गो. आमचं म्हणून दे.”

हिरूचे हात सुटले. ती त्यांच्याच अंगावर कोसळली आणि झोपली. वाट करून देणाऱ्या घरांनी मग हा कातळ खोदला, म्हणे.

आजही ओट्यावर निजलेल्या बाईला कोणी हाक मारत नाही. किती वेळ झोपलीस, हेही विचारत नाहीत.

आजींनी पदराला हात पुसले. मुक्ता डाव्या कुशीवर झोपत नाही, दूध प्यायल्यावर ढेकर काढावा लागतो, कानाला वारा लागू द्यायचा नाही, असं मी सांगत राहिले. त्या हं हं करत होत्या. माझे हात मोकळे आहेत हे मला जरा उशिराच कळलं.

मी आत गेले.