ओंडक्यातल्या मुंग्या

फार पूर्वी डोंगरातल्या एका गुहेत एक जैन मुनी आणि एक शैव गोसावी पावसामुळे अडकून पडले. मुनी ध्यानात होते. गोसावी तापाने कुडकुडत होता. त्याचा चिमटा धुनीसाठी ओंडका ओढू लागला, तशी मुनींची मोरपिसांची पिंछी आडवी आली.

"थांब, त्यात मुंग्या आहेत," पिंछी म्हणाली.

"मग माझ्या गोसाव्यानं गारठून मरावं?"

"तसं कुठं म्हणाले? साल उचलून धर."

चिमट्याने साल धरली. पिंछीने मुंग्या हलकेच झाडून कपारीत सोडल्या. मग धुनी पेटली आणि पिंछी लांब जाऊन बसली.

"शेकायला ये की," एक मुंगी म्हणाली.

"आमच्यात अग्नी चालत नाही."

"मग चिमट्याला कसा पेटवू दिलास?"

"ताप त्याच्या गोसाव्याला आहे, बाई."