निळा रंग आणि नावाडी

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली त्या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात एक चितारी राहत असे. देवांची, हत्तींची, राजाराण्यांची चित्रं तो सुरेख काढी. पण त्याची बायको वारली आणि त्याच्या हातून माणसाचा चेहरा उमटेना. मग तो कापडभर नुसता निळा रंग पसरी, त्यावर काळा, मध्येच पांढऱ्याचा एखादा फटकारा.

"अहो, यात हत्ती कुठे आहे?" लोक हसत. हळूहळू कोणी येईनासं झालं.

त्याचा लहानपणचा मित्र नावाडी मात्र रोज येई. चित्रासमोर बसून राही.

"तुला काय दिसतं रे यात?" चिताऱ्याने एकदा विचारलं.

"दिसत काही नाही. पण वहिनी गेल्या तो दिवस आठवतो," नावाडी म्हणाला.

त्या दिवशी चितारी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.

पुढे राजाची स्वारी गावात आली. राजाला ते निळं चित्र आवडलं. राजाला आवडलं म्हणून प्रधानाला आवडलं, प्रधानाला आवडलं म्हणून साऱ्या नगराला. चिताऱ्याला राजवाड्यात नेलं.

"प्रत्येक दालनात असंच एक हवं," राजा म्हणाला. "अगदी असंच."

चितारी तसंच काढत राहिला. पहिलं चित्र काढताना तो रडला होता. आता नुसता हात हलत होता. वाहवा मात्र वाढतच गेली. नावाडी भेटायला आला तेव्हा चितारी दरबारी मंडळींत रमला होता. "पुन्हा कधीतरी ये," असा त्याने निरोप पाठवला. नावाडी आल्या वाटेने परतला.

वर्षं लोटली. एकदा जेवताना चिताऱ्याने शेजारच्या सरदाराला विचारलं, "माझं चित्र पाहून तुम्हाला काय वाटतं?"

"महाराजांना फार आवडतं," सरदार म्हणाला आणि वाढप्याकडे वळला.

चितारी पानावरून उठला आणि तडक गावी आला. नावेवर कोणी अनोळखी माणूस होता. नावाडी तापाने कधीच गेला होता.

चिताऱ्याने घरात कापड ताणलं. या वेळी रंग आतून आला, करडा, मातकट. चित्र खरं उतरलं, हे त्याचं त्याला कळलं. ते दाखवायला मात्र कोणी उरलं नव्हतं. तिकडे राजवाड्यात नव्या चिताऱ्याने निळ्या चित्रांवर मोर रंगवले, आणि सगळ्यांनी त्यांचीही वाहवा केली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: वाहवा करणारे पुष्कळ भेटतात, पण आपलं मन ओळखणारं माणूस एखादंच असतं, त्याला कधी ताटकळत ठेवू नये.